फाइल प्रेसला देताय? आधी हे वाचा – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरगुती उत्पादनांच्या पॅकिंगबद्दल प्रश्न मागवले होते. वाटलं होतं लोक बाटल्या कुठे मिळतात, ढक्कन लीक होतं काय करू असं विचारतील, पण बहुतेक प्रश्न लेबलच्या फाइलचेच आले. म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं न टाकता गावंच दिलीत.

प्रश्न (चिपळूण): दादा, कोकम सरबताचं लेबल मी कॅनव्हामध्ये स्वतः केलं. मोबाइलवर राणी कलर आणि पोपटी इतका मस्त दिसत होता, आणि छापून आलं तर राणी मळका आणि पोपटी एकदम शेवाळासारखा. प्रेसवाले म्हणतात फाइल आरजीबी होती, आमची चूक नाही. खरं कोणाचं?

उत्तर: ताई, या वेळी प्रेसवाल्याचंच खरं आहे, फक्त छापायच्या आधी त्याने एक फोन करायला हवा होता. मोबाइलचा स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा उजेड टाकून रंग दाखवतो, तेच आरजीबी. प्रेस सायन, मजेंटा, यलो आणि काळा अशा चार शाया कागदावर टाकते, तेच सीएमवायके, आणि या चार शायांमध्ये उजेडातले सगळे रंग बसतच नाहीत. सगळ्यात जास्त मार खातात ते पोपटी, राणी, मोरपंखी आणि तो भडक केशरी, म्हणजे नेमके आपल्याकडे लेबलवर सगळ्यांना हवे असतात तेच. फाइल सीएमवायके मोडमध्ये केली की हे रंग स्क्रीनवरच थोडे उतरलेले दिसतात, धक्का बसतो, पण तो छापायच्या आधी बसतो. कॅनव्हात सीएमवायके डाउनलोड फक्त पैसेवाल्या प्लॅनमध्ये आहे. फुकटवाल्यात 'पीडीएफ प्रिंट' घ्या, त्यात क्रॉप मार्क्स (कुठे कापायचं त्या खुणा) आणि ब्लीड (कटच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) यांची खूण करा, 'फ्लॅटन'ची (सगळं एका चित्रात सपाट करणारी) खूण करू नका, आणि प्रेसला स्पष्ट सांगा की फाइल आरजीबी आहे, कन्व्हर्ट करून मला प्रूफ (छापायच्या आधीचा नमुना) दाखवा.

पोपटीसाठी सायन ५०, यलो १०० इथून सुरुवात करा आणि त्यात काळा अजिबात घालू नका, काळ्याने तो लगेच मळतो. राणीसाठी मजेंटा १०० ठेवून यलो शून्य, सायन अगदी थोडा. तरी मोबाइलवरची चमक येणार नाही हे आधीच मान्य करून टाका. तोच रंग पाहिजे असा हट्टच असेल तर पँटोनची, म्हणजे आधीच त्या रंगात मिसळून आलेली पाचवी शाई लागते, आणि ऑफसेट किंवा फ्लेक्सोला (प्लेटवरून छापायच्या पद्धती) त्याची वेगळी प्लेट म्हणजे वेगळा खर्च. पाचशे लेबलांसाठी मी तरी कोणाला सांगणार नाही. आणि मॅट लॅमिनेशन करणार असाल तर रंग अजून एक पायरी खाली जातो, हे कोणी आधी सांगत नाही. प्रेसमध्ये गेलात की त्यांच्याकडची छापलेली शेड कार्ड मागा, त्याच क्रोमो स्टिकर पेपरवरची, आणि रंग त्यातून निवडा. मोबाइल खिशातच राहू द्या.

त्याच फाइलमध्ये अजून एक गोष्ट बघा, घटक पदार्थांचा बारीक काळा मजकूर. आरजीबीतला काळा अडोबीच्या नेहमीच्या सेटिंगने सीएमवायकेत गेला की तो साधा काळा राहत नाही, साधारण सायन ७५, मजेंटा ६८, यलो ६७, काळा ९० असा चार शायांचा होतो. म्हणजे तुमचं सहा पॉइंटचं अक्षर चार वेळा एकावर एक छापलं जातं, आणि एखादी शाई केसभर जरी सरकली तरी अक्षराला गुलाबी-निळी सावली येते. बारीक मजकूर फक्त काळा १००, बाकी तिन्ही शून्य.

प्रश्न (सातारा): आमचा कांदा लसूण मसाला आणि लोणच्यांचा व्यवसाय आहे. लेबल मराठीतच हवं म्हणून टाइप करून दिलं. प्रूफमध्ये 'मिरची'चं 'मरिची' झालं, 'कोल्हापुरी'चा ल पाय मोडून वेगळा उभा, आणि 'कैऱ्यांचं लोणचं' मध्ये भलताच रफार. दुसऱ्या प्रेसला दिलं तर तिथे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. असं का होतं? आणि फॉन्ट कुठला घेऊ?

उत्तर: हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्ही तुम्हाला एकदमच झालेत. या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो, कारण इंग्रजीतल्या व्हिडिओंत हे सहसा सापडत नाही.

पहिला, 'मरिची'. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) आपण म आधी आणि वेलांटी नंतर टाइप करतो, ती म च्या आधी नेऊन ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं. जे सॉफ्टवेअर हे करत नाही तिथे वेलांटी टाइप केल्या जागीच बसते आणि पुढच्या र ला जाऊन चिकटल्यासारखी वाचली जाते. जोडाक्षरांचे पाय मोडतात तेही त्यामुळेच. इलस्ट्रेटर असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा, मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन सिंगल-लाइन कंपोजर' निवडा, लगेच सगळं जागेवर येतं. कोरलड्रॉ असेल तर एक्स-६ पासून पुढची आवृत्ती लागते, त्याच्या आधीच्यांना युनिकोड देवनागरी नीट जमत नाही, आणि तालुक्याच्या गावातल्या कितीतरी प्रेसमध्ये अजून जुनीच कोरल चालू आहे. म्हणूनच ते लोक अजून श्रीलिपी (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) सोडत नाहीत, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांचं काम त्यात बिनचूक होतं.

दुसरा, कचरा. श्रीलिपी काय किंवा सीडॅकच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरचे ते योगेश, सुरेख काय, हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलमध्ये आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की चेहरा गायब. उपाय एकच, फाइल देण्याआधी सगळा मजकूर कर्व्ह करायचा. कोरलमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. मग अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं, आणि जगात कुठेही तसंच दिसतं. पण त्याआधी एडिट करता येणारी प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा, कारण कर्व्ह केल्यावर उद्या एमआरपी बदलायची म्हटलं तर एकेक आकडा खोडून बसवावा लागतो.

यात देवनागरीचीच म्हणून एक खास खोडी आहे. आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांत घुसलेली असतात. कर्व्ह करून ती सगळी कोरलमध्ये कंबाइन झाली की जिथे दोन अक्षरं एकमेकांवर येतात तिथे बारीक पांढरं भोक पडतं. स्क्रीनवर झूम केल्याशिवाय दिसत नाही, छापल्यावर मात्र शिरोरेषा उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. अक्षरांना बॉर्डर दिली असेल तर प्रत्येक जोडावर उभ्या रेघा येतात. कर्व्ह केल्यावर कोरलमध्ये 'वेल्ड' करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं 'युनाइट', आणि ८०० टक्के झूम करून शिरोरेषेवरून एकदा शेवटपर्यंत नजर फिरवा.

तिसरा, 'कैऱ्या'. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, टायपिंगचा आहे. साधा र, हलन्त आणि य टाइप केला की वर रफार जातो, 'सूर्या'तल्यासारखा. आपल्याला हवा तो आडवा चंद्रकोरीसारखा र, त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. 'पुऱ्या', 'बोऱ्या', 'तऱ्हा' सगळ्यांना हेच. प्रेसमधल्या ऑपरेटरकडून ही अपेक्षा करू नका, तुम्हीच टाइप करून पाठवा, आणि व्हॉट्सअपवर टेक्स्ट म्हणून पाठवा, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो नको.

फॉन्ट विचारलाय तुम्ही. मुक्ता आणि बालू हे दोन्ही फुकट आहेत, मुंबईच्या एक टाइपने केलेले, व्यवसायासाठी वापरायला परवानगी आहे. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, तोही फुकट, पण त्याच्या रेघा नाजूक आहेत, तेव्हा नावापुरता ठेवा, बारीक मजकुराला नको. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांमुळे इंग्रजीपेक्षा जागा जास्त लागते, सहा पॉइंट इंग्रजी वाचता येतं म्हणून सहा पॉइंट मराठी येईलच असं नाही. मी सातच्या खाली जात नाही, आणि गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर आठ आणि जरा जाड वजन, नाहीतर शाई पसरून ष, क्ष, ज्ञ च्या पोटातल्या जागा बुजतात.

प्रश्न (सातारा, त्याच वाचकांचा पुढचा): संपूर्ण लेबल मराठीत चालेल ना?

उत्तर: नाही. नाव, डिझाइन, तुमची गोष्ट सगळी मराठीत असू द्या, पण कायद्याने जी माहिती सक्तीची आहे ती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागते, मराठी त्याच्या जोडीला. मला हे पटत नाही, पण एफएसएसएआय (अन्नसुरक्षावाले) आणि वजनमापवाल्या दोघांच्या नियमात असंच आहे. म्हणजे डिझाइन करतानाच दोन भाषांची जागा धरा. शाकाहाराची खूण हिरव्या चौकोनात हिरवा भरीव गोल, पुढचा भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर गोल किमान ३ मिमी व्यासाचा आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट. गडद हिरव्या लेबलवर ती खूण हरवते, मागे पांढरा तुकडा ठेवा. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर लोगोसकट, आणि तो लोगो गुगलवरून उचललेला जेपीजी नको, व्हेक्टर (कितीही मोठा केला तरी न फाटणारा) घ्या.

प्रश्न (नाशिक): मधाच्या बाटलीचा गोल स्टिकर, कडेने सोनेरी बारीक बॉर्डर. अर्ध्या स्टिकरना एका बाजूला पांढरी कोर आली, आणि बॉर्डर एकीकडे जाड एकीकडे गायब. प्रेसने पैसे परत द्यायला नकार दिला.

उत्तर: पांढरी कोर आली याचा अर्थ ब्लीड नव्हतं. डाय (स्टिकर कापायचा साचा) कितीही चांगली असली तरी कटिंग थोडं इकडेतिकडे होतंच, म्हणून बॅकग्राउंडचा रंग कटच्या रेषेबाहेर २ ते ३ मिमी वाढवून द्यायचा. रोलवरच्या लेबलांना कधी दीडच मिमी मिळतं, कारण दोन लेबलांत साधारण ३ मिमीची गल्ली असते आणि ती दोघांत वाटून घ्यायची. आधी विचारा. तसंच आत २ मिमीपर्यंत कुठलंही अक्षर नको. मधाचं वजन आणि एमआरपी काठाला चिकटवायची लोकांना कसली हौस असते कळत नाही.

बॉर्डरबद्दल म्हणाल तर ती काढूनच टाका. कटच्या जवळची बारीक बॉर्डर अर्धा मिमीची चूकसुद्धा ओरडून सांगते. हवीच असेल तर ३ मिमी आत घ्या किंवा इतकी जाड करा की थोडी कमीजास्त झालेली कळणार नाही. पैशांचं काय म्हणावं, ब्लीड नसलेली फाइल तुम्ही पाठवली आणि प्रूफला ओके म्हणालात तर नंतर भांडता येत नाही.

आणि कटची रेषा आर्टवर्कमध्येच लाल रंगाने काढून देऊ नका, ती तशीच छापली जाते. वेगळ्या लेयरवर, स्पॉट कलर (चार शायांबाहेरचा वेगळा रंग) करून, त्याला 'डायलाइन' असं नाव द्या आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावर छापणं) लावा, म्हणजे खालचा रंग कापला जात नाही. तुमचा स्टिकर हाफ कट (फक्त स्टिकर कापलेला, मागचा कागद अखंड) आहे की पूर्ण कट हेही लिहून द्या.

प्रश्न (वेंगुर्ला): खोबरेल तेलासाठी ट्रान्सपरंट लेबल केलं. डिसेंबरात लावलं तेव्हा छान दिसलं, आता मार्चमध्ये बाटलीवर काही वाचताच येत नाही. शाई उडते का?

उत्तर: शाई आहे तिथेच आहे, तेल वितळलंय! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि पांढरं होतं, म्हणजे थंडीत तुमच्या लेबलच्या मागे आपोआप पांढरी भिंत होती. उन्हाळ्यात ती गेली आणि शाया पारदर्शक असल्यामुळे लेबलचा रंग बाटलीत दिसेनासा झाला. पांढऱ्या शाईचा थर नसताना छापलेलं प्रत्येक ट्रान्सपरंट लेबल असंच दिसतं. फाइलमध्ये पांढरा म्हणून जे दिसतं ते प्रेससाठी 'काहीच छापू नका' असतं. जिथे पांढरं हवंय त्या आकारांचा वेगळा लेयर, स्पॉट कलर, नाव 'व्हाइट', ओव्हरप्रिंट चालू, आणि तो वरच्या आकारापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी आत ओढलेला, नाहीतर कडेने पांढरी रेघ डोकावते. चंदेरी मेटलाइज्ड कागदालाही हेच, जिथे चमक नको तिथे खाली पांढरा. आधी प्रेसकडे पांढरी शाई आहे का ते मात्र विचारून घ्या, सगळ्यांकडे नसते.

उलट बाजूची एक गंमतही लक्षात ठेवा, पांढऱ्या अक्षरांना चुकून ओव्हरप्रिंट लागलं तर ती छापतच नाहीत. स्क्रीनवर दिसतात, प्लेटवर गायब. पीडीएफ उघडून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून बघा.

प्रश्न (पुणे): बारकोड मॉलमध्ये स्कॅन होत नाही. डिझायनरने लेबलच्या थीमला मॅचिंग लाल केलाय आणि जागा नव्हती म्हणून थोडा लहान.

उत्तर: स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात. म्हणजे त्या बिचाऱ्याच्या समोर कोरा कागद आहे. मातकट तपकिरीचंही पुष्कळदा तेच होतं. काळ्या रेघा, पांढरी पाठ, फक्त काळा १००, विषय संपला. ईएएन-१३ (दुकानातला नेहमीचा १३ आकडी बारकोड) चा पूर्ण आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी, तो ८० टक्क्यांपर्यंत कमी करता येतो, म्हणजे २९.८३ बाय २०.७४. त्याखाली नाही. या मापात दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरलेली आहे, ती डिझाइनने भरू नका, पूर्ण आकाराला डावीकडे साडेतीन मिमीच्या थोडी वर आणि उजवीकडे सव्वादोनच्या वर लागते. बारकोड व्हेक्टरच हवा, वेबसाइटवरचा स्क्रीनशॉट ओढून मोठा केलेला नको. बारीक गोल बाटली असेल तर तो आडवा फिरवा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा येऊ द्या, नाहीतर कडेच्या रेघा वळणाआड जातात.

प्रश्न (सोलापूर): शेंगदाणा चटणीच्या बरणीला सगळीकडून फिरणारं लेबल हवंय. लांबी कशी काढायची? आणि आम्ही तारखेचा शिक्का मारतो तो पुसला जातो.

उत्तर: व्यास गुणिले ३.१४. बरणी ७० मिमीची असेल तर २२० मिमी, वर ५ मिमी एकावर एक येण्यासाठी, म्हणजे २२५. त्या शेवटच्या पट्टीत कुठलाही मजकूर किंवा बारकोड नको. खरं तर मी पूर्ण गोल न फिरवता ४ मिमी मोकळं सोडा म्हणेन, हाताने लावताना टोकं वरखाली होतात ती लपतात. पण त्याआधी बरणी खालून आणि वरून दोन्हीकडे कागदाची पट्टी गुंडाळून मोजा. दोन्ही मापं वेगळी आली तर बरणी निमुळती आहे, सरळ लेबल त्यावर सुरकुतणारच, त्याला कमानीसारखा वळलेला आकार लागतो. ती पट्टी आणि रिकामी बरणी घेऊन प्रेसमध्ये जा.

तारखेसाठी लेबलवर एक कोरी फिकट खिडकी ठेवा, तिच्यावर यूव्ही कोटिंग किंवा व्हार्निश नको असं फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर दाखवा. लॅमिनेशनमध्ये अशी खिडकी ठेवता येत नाही आणि रबरी शिक्क्याची शाई त्यावर धरत नाही, म्हणून एक तर लॅमिनेशन सोडा नाहीतर छोटं डेट कोडिंग मशीन घ्या. पुढे कधी मशीनने लेबल लावणार असाल तर रोलवर लेबल कुठल्या दिशेने उलगडतं ते ऑर्डरमध्ये लिहा, नाहीतर सगळ्या बरण्यांवर शेंगदाणे डोकं खाली करून येतील.

प्रश्न (ठाणे): एआयने आंब्याचं चित्र बनवलंय, लेबलवर वापरू का?

उत्तर: वापरा, पण मोजून. १०२४ पिक्सेलचं चौरस चित्र ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) जेमतेम ८७ मिमी भरतं, त्यापेक्षा मोठं छापलं की धूसर होणार. चित्रातली मराठी अक्षरं पुसून टाका, ती पुष्कळदा चुकीची असतात. आणि ते चित्र व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबून लहान होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न (कोल्हापूर): मी डिझाइनचा कोर्स करून नुकतीच कामं घ्यायला लागले आहे. प्रत्येक प्रेस 'ओपन फाइल (एडिट करता येणारी) द्या' म्हणते. द्यावी का? दिली की पुढची कामं ते स्वतःच करून टाकतात.

उत्तर: तुझी भीती बरोबर आहे. पण ओपन फाइल मागण्यामागे दर वेळी लबाडी नसते, त्यांना ब्लीड वाढवायचं असतं, चार लेबलं एका शीटवर बसवायची असतात. कर्व्ह केलेली पीडीएफ दे, स्पॉट लेयर जिवंत ठेवून. पीडीएफचं एक्स-४ हे मानक चालतं का विचार, जुन्या सेटअपला एक्स-१ए लागतं, त्यात ट्रान्सपरन्सी (पारदर्शक भाग) आधीच सपाट होते. कोरलच मागितली तर त्यांची आवृत्ती विचारून त्याच आवृत्तीत सेव्ह कर, तीही कर्व्ह करूनच. चित्रं लिंक न ठेवता एम्बेड कर (फाइलच्या आतच ठेव). एडिट होणारी फाइल गिऱ्हाइकाची की तुझी हे कोटेशनमध्येच लिहून टाक, देणार असशील तर त्याचे वेगळे पैसे लाव, यात लाजायचं काही नाही.

सोबत एक जेपीजी दे, फक्त बघण्यासाठी, म्हणजे प्रेसमध्ये फाइल उघडल्यावर काही हललं असेल तर त्यांना ताडून बघता येईल. प्रूफ आलं की गिऱ्हाइकाला १०० टक्के आकारात प्रिंट काढून, कापून, बाटलीवर चिकटवून दाखव आणि त्या कागदावरच सही घे. एमआरपी, वजन, पत्ता आणि लायसन्स नंबर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे. त्यातला आकडा चुकला तर ती जबाबदारी तुझी नाही, हेही कोटेशनमध्ये लिही.